नळीचा सांधा आणि त्याची परीक्षा



निपाणीहून बेळगावास जाताना मोटार तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वराकडे वळते. गाळपाच्या हंगामात या रस्त्यावर उसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि दूरवर साखर कारखान्याचे धुराडे दिसू लागते. धुराडे उंच असल्यामुळे आपले लक्ष तिकडे जाते. परंतु कारखान्याचे खरे बळ धुराड्यात नसून, त्याच्या पोटात पसरलेल्या नळ्यांच्या जाळ्यात असते. चिपाडे जाळून बाष्पकात, म्हणजे आपण ज्याला बॉयलर म्हणतो त्यात, वाफ तयार होते. ती वाफ या नळ्यांतून धावते, चक्रे फिरवते, वीज निर्माण करते आणि रस आटवून त्याची साखर करते. या नळ्या अखंड नसतात. त्या तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या असतात, आणि प्रत्येक जोडाच्या ठिकाणी कोणा एका माणसाच्या हाताची परीक्षा झालेली असते. त्या परीक्षेविषयी चार शब्द सांगावेत, हा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. घरी कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवतो. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध घरातल्या प्रेशर कुकरापलीकडे कधी गेला नव्हता. मग या विषयात आम्ही कसे शिरलो? गेल्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वर्गात तो मागच्या बाकावर बसे. आज तो नळ्यांचे वेल्डिंग करणारा कुशल कारागीर आहे. बोलता बोलता आम्ही सहज म्हणालो, "अरे, दोन लोखंडे तापवून चिकटवायची, त्यात एवढे शिकण्यासारखे ते काय?" तो हसला आणि म्हणाला, "सर, चिकटवायला पुष्कळांना येतं. ते आतून चिकटलंय हे सिद्ध करायला शिकावं लागतं."

हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. त्याने सांगितलेले आणि त्यानंतर आम्ही वाचून समजून घेतलेले येथे क्रमाने मांडतो.

प्रथम दाबाचा विचार करू. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा त्यातील वाफेचा दाब, बाहेरच्या हवेच्या दाबाखेरीज, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. तेवढ्या दाबालाही घरातील माणसे किती जपतात! आता वीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यांतील बाष्पके पाहा. त्यांचा दाब ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलोग्रॅमपर्यंत असतो आणि वाफेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर ८७ किलोग्रॅमचे ओझे ठेवले आहे अशी कल्पना करा. नळीचा आतील व्यास २० सेंटिमीटर धरला तर तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. ३१४ ला ८७ ने गुणा. उत्तर येते सुमारे २७ टन. जोडलेल्या दोन नळ्यांना एकमेकींपासून ओढून वेगळे करू पाहणारे बळ हे एवढे आहे, आणि त्याला अडवून धरतो तो बोटभर रुंदीचा सांधा. शिवाय इतकी तप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही. चहाच्या किटलीतून आपल्याला जी पांढरी वाफ दिसते, ते वस्तुतः थंड झालेल्या पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. फुटलेल्या सांध्यातून सुटणारी वाफ तोंडाशी अदृश्य असते. माणूस तिच्यात सापडतो तेव्हाच ती कळते.

हा सांधा घडतो कसा? नळ्यांच्या कडा प्रथम तिरप्या तासतात. त्या समोरासमोर आणल्या म्हणजे मध्ये इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची खाच होते आणि तळाशी थोडी फट ठेवतात. वेल्डिंगच्या रॉडाचे टोक आणि नळी यांच्यामध्ये विजेची प्रखर ज्योत पेटते; तिला आर्क म्हणतात. पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते आणि आर्कची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. नळीच्या कडा आणि रॉडचा धातू एकत्र वितळून एक लहानसे तळे बनते व ते थिजले की सांधा तयार होतो. रॉडवर जे लेपन असते ते जळून वायूचे आणि स्लॅगचे आवरण निर्माण करते आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. पहिला थर तळाचा, त्यावर भरणीचे थर, शेवटी वरचा थर. प्रत्येक थरानंतर स्लॅग ठोकून, घासून काढावा लागतो.

आता खरी अडचण ध्यानात घ्या. सर्वांत महत्त्वाचा थर तळाचा. पण काम पुरे झाल्यावर तो वरच्या थरांखाली झाकला जातो. वरचा थर माशाच्या खवल्यांसारखा रेखीव दिसत असला, तरी खाली कडा न वितळता राहिल्या असतील, स्लॅगचा कण अडकला असेल, वायूची पोकळी असेल किंवा केसाएवढी भेग असेल, तर बाहेरून पाहणाऱ्यास ते कळत नाही. या सर्व दोषांत भेग ही सर्वांत घातक. शिंपी कापडाच्या काठाला कात्रीने लहानसा छेद देतो आणि मग ते कापड हाताने टरकन फाडतो. छेद दिलेला नसता तर तेच कापड फाडण्यास किती जोर लागला असता! भेगेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि ती पुढे सरकते. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याशी उभे असताना मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. ते वेल्डिंगने जोडलेले होते. अशा घटनांतून पोलादाची जात, थंडी आणि सांध्यातील दोष यांचा परस्परसंबंध अभियंत्यांस उमगत गेला.

पावसाळी मुलुखातील आपणां सर्वांस पटेल असे आणखी एक उदाहरण देतो. रॉडच्या लेपनात ओल शिरली, तर तिच्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत मिसळतो आणि सांधा थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, आतून तडा जातो. संध्याकाळी निर्दोष दिसलेला सांधा सकाळी सदोष! म्हणून काही विशिष्ट जातींचे रॉड भट्टीत वाळवून, हातातील उबदार डब्यातून कामाच्या जागी न्यावे लागतात. साखर कारखान्यांची दुरुस्ती नेमकी गाळप बंद असताना, म्हणजे बहुतांशी पावसाळ्यात, चालते. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडे पापड आणि रॉड दोन्ही सादळतात. सादळलेला पापड टाकून देतात, रॉड मात्र कुणीतरी वापरतो."

अशा अदृश्य दोषांवर विश्वासाने मात करता येत नाही. त्यासाठी मानके लागतात. मानक म्हणजे काय? एखादे काम कसे करावे, कोणी करावे, कसे तपासावे आणि कोणता दोष किती प्रमाणात चालेल, हे अनुभवी लोकांनी आधीच लिहून ठेवलेले असते. कामाच्या घाईत कोणाच्या लहरीवर ते सोडत नाहीत. आपल्या देशात भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरो करीत आहे. वेल्डरच्या परीक्षेसाठी आय. एस. ७३१० हे तिचे मानक आहे. अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने तेल व वायूच्या वाहिन्यांच्या वेल्डिंगसाठी केलेले ए. पी. आय. ११०४ हे मानक १९५३ साली प्रथम निघाले आणि आज जगभर वापरले जाते.

या मानकांची रचना आपल्या शाळेतील परीक्षेशी ताडून पाहण्यासारखी आहे. प्रथम कार्यपद्धतीचा कागद. पोलाद कोणते, रॉड कोणता, विजेचा प्रवाह किती, नळी आधी किती तापवायची, नंतर कशी सावकाश निववायची, हे सर्व त्यात असते. परंतु कागद लिहिला म्हणजे तो खरा ठरत नाही. त्या पद्धतीने नमुन्याचा सांधा करतात, त्याच्या पट्ट्या कापतात, त्या वाकवून आणि ओढून पाहतात. पट्ट्या टिकल्या तरच कागद मान्य होतो. येथे आधी प्रश्नपत्रिकेचीच परीक्षा होते, असे म्हणावयास हरकत नाही!

त्यानंतर वेल्डरची परीक्षा. नळी आडवी असून फिरवता येत असेल तर काम सोपे; पण कारखान्यात नळी माणसाच्या सोयीसाठी फिरत नाही, माणसालाच तिच्याभोवती फिरावे लागते. म्हणून कठीण परीक्षेत नळी ४५ अंशांच्या कोनात घट्ट बांधून ठेवतात. या स्थितीला कारागीर 'सिक्स जी' म्हणतात. एकाच सांध्यात वरून, बाजूने आणि डोक्यावर, अशा सर्व तऱ्हांनी धातू भरावा लागतो. ही परीक्षा उतरणारा वेल्डर इतर स्थितींतही काम करण्यास पात्र समजला जातो. बाष्पकांच्या कामात तर प्रमाणपत्राची मुदत असते आणि ती संपली की पुन्हा कसोटी द्यावी लागते. एकदा उत्तीर्ण झालो म्हणजे जन्मभर उत्तीर्ण, ही सोय तेथे नाही.

शेवटी प्रत्यक्ष सांध्याची तपासणी, आणि ती सांधा करणाऱ्याने नव्हे, तर दुसऱ्या माणसाने करावयाची. आधी डोळ्यांनी. मग लाल द्रव लावून पुसून टाकतात व वर पांढरी भुकटी फवारतात. पृष्ठभागावर भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघेसारखा उमटतो. अंतर्भागासाठी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पाहतात, किंवा फोटो काढतात. रॉंटगेनने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. मोडलेले हाड दाखवणारे तेच किरण पोलादातील पोकळीही दाखवतात. कारखान्यात पुष्कळदा इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी धातूतून निघणारे गॅमा किरण वापरतात. ते माणसास अपायकारक असल्यामुळे सभोवारची जागा दोर बांधून रिकामी करतात आणि काम करणाऱ्याच्या अंगावर किरणांचे प्रमाण मोजणारी पट्टी असते; या सर्वांवर १९८३ साली स्थापन झालेल्या परमाणु ऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण आहे. फोटोत एखादी बारीक पोकळी दिसली तर मानकाने आखलेल्या मर्यादेत ती क्षम्य ठरू शकते. वाफेच्या नळीत भेग मात्र क्षम्य नाही. तो सांधा कापून पुन्हा करावा लागतो.

याउपर जलदाबाची कसोटी असते. नळी पाण्याने भरून, नेहमीच्या दाबाच्या सामान्यतः दीडपट दाब देऊन ती टिकते काय हे पाहतात. हवेऐवजी पाणी का? हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी शक्ती साठवते. नळी फुटली तर ती शक्ती स्फोटासारखी बाहेर पडेल. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सांधा फुटला तरी बहुधा चिळकांडी उडून दाब तत्काळ उतरतो. परीक्षा घेतानाही परीक्षकाचा जीव सांभाळावयाचा असतो!

एवढी कडक शिस्त कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. दाभोळहून बंगळूरूकडे जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी २०१३ साली सुरू झाली. तिची लांबी सुमारे १००० किलोमीटर असून ती आपल्या बेळगाव जिल्ह्यातूनही जाते. एक नळी १२ मीटरांची धरली तर एका किलोमीटरात सुमारे ८३ सांधे येतात; हजार किलोमीटरांत ८३,००० च्या आसपास. शाळेत १०० पैकी ३५ गुण मिळाले की मूल वर चढते. ९९ गुण मिळवणाऱ्याचा तर आपण सत्कार करतो. पण येथे १०० पैकी ९९ सांधे चांगले निघाले, तरी ८३० सांधे वाईट राहतील! ते कोणाच्या शेताखाली असतील, कोणाच्या विहिरीजवळ असतील, हे कोण सांगणार?

सांधा चांगला झाला म्हणून काळजी संपत नाही. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम या गावी वायुवाहिनीतून गळती होऊन भल्या पहाटे आग भडकली आणि वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. तेथे नळी गंजून झिजली होती. बांधताना जेवढी परीक्षा, तेवढीच पुढे दरवर्षी देखरेख, हा त्या दुर्घटनेचा बोध होय. आणि एक घटना आम्हां शिक्षकांस विसरता येण्यासारखी नाही. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात न्यू लंडन या गावी शाळेच्या जमिनीखाली नळीतून गळलेला वायू साचत गेला. त्याला वास नव्हता. कोणास काहीच कळले नाही. शाळा सुटण्यास थोडा अवकाश असताना एका विजेच्या उपकरणाची ठिणगी उडाली आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती होऊ लागली. आज आपल्या स्वयंपाकघरातील गॅसला जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. बेळगावात आता काही घरांत नळीने गॅस येतो. रस्त्याखालून येणारी ती पिवळी नळी प्लास्टिकची असते, पण तिचेही सांधे वितळवूनच करतात आणि तेही तपासावेच लागतात. म्हणून वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये. खिडक्या उघडाव्यात आणि मोठ्यांस हाक मारावी.

आपल्या देशातही कायदे दुःखातूनच जन्मले. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पक फुटून माणसे दगावली, आणि पुढल्याच वर्षी बंगालमध्ये बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला. सबंध देशासाठी १९२३ साली कायदा झाला. त्याची जागा आता २०२५ च्या बाष्पक अधिनियमाने घेतली आहे. नियमांच्या या पुस्तकांत कोरडी कलमे दिसतात खरी. पण अनेक कलमांमागे कोणाच्या तरी घरचे सुतक आहे.

वेल्डरच्या स्वतःच्या सुरक्षिततेविषयीही सांगितले पाहिजे. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून तोंडावर गडद काचेची ढाल हवी, आणि बघ्या मुलांनी वर्कशॉपच्या दारात उभे राहून ती ज्योत पाहत बसू नये. वेल्डिंगचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला. म्हणून वारा खेळता हवा. ओल्या कपड्यांनी काम करू नये. तेलाचे रिकामे पिंप न धुता त्यावर ज्योत धरणे म्हणजे बॉम्बशी खेळणे होय.

आता त्या विद्यार्थ्याची राहिलेली गोष्ट. त्याच्या उजव्या हाताला परीक्षेची सर्व प्रमाणपत्रे आहेत असे आम्ही थट्टेने म्हणालो, तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "सर, पहिल्या नोकरीत बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची तारीख ठरली होती. पाहुणे यायचे होते. एका लहान, कमी दाबाच्या नळीचा सांधा तपासायचा राहिला. उद्या बघू, म्हणाले. वरून इतका सुरेख दिसत होता की मलाही तपासावासा वाटला नाही. तळ वितळलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिथून वाफ सुटली आणि मदतनीस पोराचा दंड भाजला. पोरगा वाचला. सांधा माझा होता." तो कारखाना कोणता, हे आम्ही विचारले नाही. त्यानंतर त्याने पुन्हा प्रशिक्षण घेतले आणि सिक्स जीची परीक्षा दिली. पहिल्या खेपेस तो अनुत्तीर्ण झाला. दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला.

हे सारे येथे लिहिण्यास एक कारण घडले. दहावीतील एका मुलाच्या मातोश्री परवा शाळेत आल्या होत्या. मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरच्या वर्गाला जातो म्हणतो. हे काम कमीपणाचे तर नाही ना, असे त्या दबक्या आवाजात विचारीत होत्या. आमच्या भागात उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील कारखाने अशाच हातांवर चालतात, तरी ही शंका घराघरांत आहे. आम्ही त्यांना आमच्या विद्यार्थ्याने दाखवलेली एक गोष्ट सांगितली. मोठ्या कामात प्रत्येक सांध्याशेजारी वेल्डरचा क्रमांक ठसवलेला किंवा रंगाने लिहिलेला असतो, आणि तोच क्रमांक नोंदवहीत राहतो. वीस वर्षांनी सांधा उघडला तरी तो कोणी केला हे कळते. आमच्या पेशातही असा क्रमांक असता तर बरे झाले असते. मुलांच्या मनातील कोणता सांधा आम्ही कच्चा ठेवला, तेही कधीतरी कळले असते.

मातोश्रींनी थोडा विचार केला आणि विचारले, "मग फॉर्म कधीपर्यंत भरायचा?"